कानसेनांचा उजवा कान

आमच्या ह्यांना सगळे कानसेन म्हणतात. गाणं ऐकतात म्हणून नव्हे हो, गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नाही! ते इंजिन ऐकतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ उजव्या कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि ओरडायचं, "चूप!" मग गिऱ्हाईक असो नाहीतर माझी आई, सगळ्यांनी चिडीचूप. मिनिटभराने डोळे उघडणार आणि म्हणणार, "तिसरा व्हॉल्व्ह." आणि तिसराच निघायचा! एकतीस वर्षं मी हा तमाशा बघतेय. गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत आमचं घर, जाणार कुठे?

मागच्या महिन्यात ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाई त्यांची जुनी गाडी घेऊन आल्या. रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबला की गाडी फटफट आवाज करायची, चढावर तर जास्तच. "परवा एक आजोबा शिकायला बसले होते," बाई म्हणाल्या. "चढावर त्यांनी जोर दिला आणि मागून फाट्! आजोबांनी गाडी रस्त्यातच सोडली आणि सरळ चालत घरी गेले."

मी हसून हसून बेजार. ह्यांनी मात्र गंभीरपणे प्लग बदलले. गाडी गॅरेजात लोण्यासारखी चालली. बाई घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी हजर. मग कार्ब्युरेटर साफ झाला. पुन्हा हजर. तिसऱ्या खेपेला बाई चेष्टेने म्हणाल्या, "काय कानसेन, गाडी तुमच्याशी बोलेनाशी झाली की काय?" ह्यांचा चेहरा एवढासा झाला.

आणि तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. स्क्रूड्रायव्हरची मूठ डाव्या कानाला होती!

जेवताना मी सरळच विचारलं, "उजव्या कानाला काय झालंय?" आधी चिडले, "तुझं आपलं काहीतरीच!" मग ताटावरून नजर न उचलता म्हणाले, "वर्ष झालं. उजव्याने काहीच ऐकू येत नाही. डाव्याने ऐकायला जमत नाही गं. ह्या गाडीचा बिघाड नाही सापडला तर गॅरेज बंद करतो. लोक विश्वासाने गाड्या सोडतात, त्यांची फसवणूक नको."

गॅरेजवाचून हा माणूस सकाळी उठून करणार काय? पण त्याआधी मला राग आला, खोटं कशाला सांगू. वर्षभर मी ह्या माणसाशी भांडत होते, की मी बोलते ते मुद्दाम कानाआड करता म्हणून. दोनदा तर अबोला धरला होता. आणि हा बाबा एका शब्दाने बोलला नाही! वर अबोला धरला तेही ह्यांना चार दिवसांनी कळलं होतं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

सकाळी ते पुन्हा बॉनेट उघडून उभे. मी चहा घेऊन गेले आणि म्हटलं, "अहो, इथे उभी असताना गाडी फटफटतच नाही. मग कान धडधाकट असते तरी काय ऐकलं असतंत, डोंबल?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "खरंय की," हळूच म्हणाले. "इंजिनवर जोर आला की मगच... म्हणजे ठिणगी प्लगपर्यंत पोचत नाही. वाटेत कुठेतरी पळतेय. पेट्रोल तसंच पुढे जातं आणि सायलेन्सरमध्ये पेटतं."

"पळते तर पळताना दिसत नाही का मेली?"

"दिसेल!" ते एवढ्या मोठ्याने ओरडले, की माझ्या हातातली कपबशी हलली. "अंधार केला तर दिसेल!"

भर अकरा वाजता आम्ही शटर ओढलं. सायलेन्सरला रबरी पाइप जोडून धूर शटरखालून बाहेर सोडला. खिडकीवर माझी चादर, इस्त्रीची पाण्याची बाटली ह्यांच्या हातात आणि ड्रायव्हरच्या जागेवर मी! जन्मात कधी बसले नव्हते. हँडब्रेक ओढून दिला आणि म्हणाले, "दाब." मी दाबलं. ओल्या वायरीवरून ठिणगी लवकर पळते, म्हणून ते प्लगच्या वायरींवर फवारा मारत गेले. गाडी फट् करून दणाणली आणि मी किंचाळले.

"सापडली! सापडली! इकडे ये, बघ तरी!"

मी धावले. दुसऱ्या वायरच्या खालच्या अंगाला निळी ठिणगी टिचक टिचक उड्या मारत होती. वरून वायर नव्यासारखी, पण खाली पत्र्याला घासून केसाएवढी चीर पडलेली. कोणाच्याही नजरेतून सुटली असती. आम्ही दोघं अंधारात खुळ्यासारखे हसत उभे होतो.

नव्या वायरी टाकून गाडी चढावर तीनदा नेली. मी शेजारी बसून कान टवकारले होते. एकदाही फट् नाही.

संध्याकाळी बाई आल्या, एक चक्कर मारून परतल्या आणि खूश होऊन म्हणाल्या, "शेवटी पकडलंतच ना कानाने!"

नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मला वाटलं, हलवणारच. पण हे म्हणाले, "नाही बाई. उजवा कान गेलाय माझा, वर्ष झालं. हिच्यामुळे सापडलं, आणि डोळ्यांनी सापडलं. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो."

बाई ह्यांच्या उजवीकडून निघून डावीकडे येऊन उभ्या राहिल्या आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "सोमवारी दुसरी गाडी आणते. तिचा क्लच घसरतोय."

"आणा," हे म्हणाले.

मी आत पळाले आणि मनसोक्त रडून घेतलं. बाहेरून हाक आली, "काय गं, काही म्हणालीस का?"

"हो!" मी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले. "उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचंय!"

"मग ओरडतेस कशाला?" ते म्हणाले. "इकडे डावीकडे येऊन सांग की."