इगतपुरीचे दोन रब्बी

बेंजामिनमामा झिराडकरांनी उभं आयुष्य कसारा घाटात गाड्यांना मागून ढकलण्यात घालवलं. बँकर इंजिनाचे ड्रायव्हर. पुढचं इंजिन ओढतं, मागचं ढकलतं, एकमेकांचं तोंडही न बघता गाडी इगतपुरीला चढवतात. निवृत्तीनंतर मामांकडे उरली बेने इस्रायलींच्या प्रार्थनाघराची किल्ली आणि एक अडचण. कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावची प्रार्थना, म्हणायला दहा यहुदी पुरुष लागतात. देवळाली, नाशिकरोडपर्यंत हाका मारूनही मामांना धरून आठच जमायचे. बायको रिबका जाताना म्हणाली होती, "माझा कद्दिश मुंबईत नको, इथंच म्हणा." त्याला तीन वर्षं झाली होती.

तिकडे परदेशात मात्र 'नाशिकच्या विस्मृतीत गेलेल्या बांधवांवरून' दोन रब्बींची, म्हणजे यहुदी धर्मगुरूंची, चांगलीच जुंपली होती. एक जेरुसलेमचे, एक न्यूयॉर्कचे. दोघांनाही इथं आपलाच धर्मशिक्षक पाठवायचा होता. पहिल्यांनी कळवलं, न्यूयॉर्कचा शिक्षक घ्याल तर आमच्या लेखी तुम्ही यहुदीच नाही. दुसऱ्यांनी तेच उलटून लिहिलं. शेकडो वर्षं ही माणसं कोकणात शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवून धर्म पाळत होती, तेव्हा कोणाचं पत्र आलं नव्हतं.

मामांनी पत्रांतलं भांडण सोडून दिलं आणि माणसं मोजली. आठ आणि दोन दहा. रिबकाच्या वर्षदिनाचं निमंत्रण दोघांना गेलं, एकमेकांना न कळता.

शेजारचा भातवाला पुंजाराम चक्रावला. "मामा, आपल्याकडं भात निघाला का रान मोकळं. तुमच्याकडं दोन दोन रब्बी?"

"आधी उगवू तर देत," मामा म्हणाले.

उगवले. प्रार्थनाघराच्या ओट्यावर एकमेकांना पाहताच दोघांनी पाठ फिरवली. समोरचा माणूस धर्माबाहेरचा, त्याला दहात धरणार नाही, असं दोघांनीही ठणकावलं. सातासमुद्रापलीकडून दोघं आले आणि आकडा नवावर अडकला.

मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण घाटात रागावून गाडी चढत नाही. त्यांनी जेरुसलेमकरांना "मान तुमचा" म्हणत सगळ्यांत पुढे बसवलं. न्यूयॉर्ककरांना मागे दाराशी. "ते काही चुकतात का, लक्ष ठेवा," असं कानात सांगताच ते आनंदाने बसले.

मामांनी कद्दिश सुरू केला. थांबायची जागा आली आणि बाकी सातांबरोबर जन्माच्या सवयीने दोन्ही रब्बींच्या तोंडून "आमेन" निघालं, पुढून आणि मागून, एका दमात. तीन वर्षं आवरलेलं रडू मामांनी तिथंच रडून घेतलं.

संपल्यावर रब्बी भानावर आले. पुढचे म्हणाले, मागच्याला धरून कद्दिश झालाच नाही. मागचे म्हणाले, पुढच्याला धरून झालाच नाही. एवढ्या पत्रापत्रीनंतर दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं, आणि दोन वेगळ्या टॅक्सी करून ते निघून गेले.

कबरस्तानाच्या वाटेवर पुंजारामने हटकलं, "मामा, कसं आलं रब्बी?"

"तणच लय माजलं रे."

मामांनी रीतीप्रमाणे रिबकाच्या कबरीवर एक खडा ठेवला. "ते दोघं नाही म्हणतात, रिबके. पण नऊ आमेन आले आणि दहावा मी होतो. तू ऐकलंस ना?"