कोऱ्या आकाशातला कार्बन

गोदामातून दोन खुर्च्या तिने आधीच ओढत आणून ठेवल्या होत्या. तिच्या संशोधनाचा निकाल छापून आला की तिला हाताखाली दोन माणसं मिळणार होती. खरं तर हाताखाली नकोच होती, खोलीत हवी होती. इतकी वर्षं त्या खोलीत तिच्याशिवाय बोलायचा तो फक्त पंखा, तोही कुरकुरत.

काम सांगायला सोपं. शेजारच्या दीर्घिकेत ताऱ्यांच्या मधे जो विरळ वायू असतो, त्यात साधा कार्बन किती आणि जड कार्बन किती, हे रेडिओ दुर्बिणीने मोजायचं. ताऱ्यांच्या पिढ्या जळून जातात तसा जड कार्बन वाढत जातो. तिच्या दीर्घिकेत तो कुणीही पाहिला नसेल इतका निघाला होता. ताई फोनवर म्हणाली, जड तर तुझे भावजीही आहेत, सोफ्यावरून हलत नाहीत, त्यांना मोज.

विभागप्रमुखांना पाठीमागे सगळे 'पाठवून टाका' म्हणत. या निकालावरच्या तिच्या लेखाबद्दलही ते तेच म्हणाले होते.

सुट्टी होती, इमारतीत चिटपाखरू नव्हतं. दुर्बिणीवर तिच्या वाट्याचा थोडा वेळ उरला होता. दुर्बीण आधी दीर्घिकेकडे बघते, मग बाजूच्या कोऱ्या आकाशाकडे, आणि पहिल्यातून दुसरं वजा करायचं. यंत्राची, हवेची खरखर निघून जाते. आज तिने बसल्याबसल्या त्या कोऱ्या जागेचंच मोजमाप घेतलं, आणखी लांबचं आकाश वजा करून. सपाट रेषा यायला हवी होती. आली एक बुटकी टेकडी, नेमकी साध्या कार्बनच्या जागी.

म्हणजे दीर्घिकेची विरळ झालर तिथवर पसरली होती. दर वेळी साधा कार्बन जास्तीचा कापला जात होता आणि जड कार्बन फुकटचा भाव खात होता. तिने आकडे नव्याने मांडले. दीर्घिका चारचौघींसारखी निघाली.

कुणी तपासलं नसतं. हे तिच्या मनात दोनदा आलं, दोन्ही वेळा खुर्च्यांकडे बघताना. मग तिने प्रमुखांना फोन लावला.

"सर, लेख पाठवायला नको. मी जी जागा कोरी धरली होती, तिथे वायू आहे."

"कितीसा फरक पडतो?"

"सगळाच."

"मग ती दोन माणसं..."

"हो सर. कळलं मला."

ताईला लावला, तर मागे हसण्याचा गलका. पाहुणे आलेत गं, उद्या निवांत बोलू, म्हणाली.

एक खुर्ची तिने गोदामात नेऊन ठेवली. दुसरीचं चाक दारातच अडकलं, काही केल्या हलेना. शेवटी ती त्या खुर्चीवरच टेकली. तिथून तिचं टेबल दिसत होतं, कुरकुरणारा पंखा, स्क्रीनवरची बुटकी टेकडी. या खोलीत कुणी आलं असतं तर त्याला काय दिसलं असतं, ते तिने आज पहिल्यांदा पाहिलं.