पाद्रीसाहेबांच्या आईला पत्र

सोलापुरात शाळामास्तर असताना मी एका स्पॅनिश पाद्रीसाहेबांना मराठी शिकवत असे आणि बदल्यात ते मला त्यांची भाषा शिकवत. वर्षभरात ते मंद्रूपच्या बाजारात भाजीवालीशी हुज्जत घालू लागले. मी मात्र 'आणि' या एका शब्दापाशीच अडलो. त्यांच्यात 'आणि'ला 'ई' म्हणतात. पण पुढचा शब्दच 'इ'ने सुरू होत असेल, तर 'ए' म्हणायचं. 'आई आणि मुलगा' म्हणजे 'माद्रे ए इहो'. त्यात 'इहो' लिहिताना आधी एक मुका एच. तो एच दिसला की मी हटकून चुकायचो.

त्या उन्हाळ्यात साहेब तापानं अंथरुणाला खिळले. खोकला लागला, हात थरथरू लागला. गावी आई होती, काळजानं अधू. महिन्याचं पत्र चुकलं तर ती हाय खाईल, म्हणून ते मला म्हणाले, "मास्तर, तुम्हीच लिहा. मी लई बरा आहे म्हणा. शिष्याचा सराव म्हणून त्याच्याकडून लिहून घेतलं म्हणा." पत्र तपासायची मात्र त्यांच्यात ताकद नव्हती. आणि ते वाचणार होती त्यांची शिक्षिका बहीण. एक जरी चूक राहिली, तर भावानं कागदावर नजरही टाकलेली नाही हे तिनं ओळखलं असतं.

घरी मी तो कागद तीनदा उतरवून काढला. प्रत्येक 'आणि'पाशी थांबायचो, पुढचा शब्द मोठ्यानं म्हणायचो, मगच टाक टेकवायचो. माझं ई-ए, ई-ए ऐकून बायको वैतागली. "अवो, बाराखडी इसरलाय व्हय?"

शेवटी पत्र बिनचूक झालं. तेव्हा तीच म्हणाली, "एवड्या लांब आईकडं जायचं पत्र, कोरं कसं धाडताय? कुकू लावा की. तिचं लेकरू बरं हुईल." आमच्याकडे शुभ पत्राच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावतात. मलाही पटलं. ओल्या कुंकवात बोट बुडवून मी कोपऱ्यावर टेकवलं, वाळवलं आणि पाकीट बंद केलं. किती समाधान वाटलं होतं तेव्हा!

अडीच महिन्यांनी उत्तर आलं. साहेब तोवर खरंच उठून बसू लागले होते. वाचायचा मान त्यांनी मला दिला. बहिणीनं लिहिलं होतं: शिष्याच्या पत्रात एकही चूक नाही, माझा विश्वास बसला. पण आईला वाचता येत नाही. ती नेहमीसारखी कागद हातात घेऊन बघत बसली. कोपऱ्यावरचा लाल डाग बघून म्हणाली, पोराला रक्ताचा खोकला लागलाय, तो लपवतोय. तेव्हापासून ती उठलेली नाही. पत्र उशाखाली आहे, कुणाला हात लावू देत नाही.

तो डाग कुंकवाच्या बोटाचा आहे, हे मी साहेबांना सांगितलं. साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते इतकंच म्हणाले, "लिहा मास्तर. रक्त नाही म्हणून लिहा."

"मग काय आहे म्हणून लिहू?"

कुंकवाला त्यांच्या भाषेत शब्द सापडेना. शेवटी ते म्हणाले, "लाल पूड."

मी लाल पूड लिहिलं. पत्र पोचायला महिना लागणार होता. तोवर ती म्हातारी माझ्या बोटाचा ठसा पोराचं रक्त समजून उशाखाली घेऊन पडणार होती, आणि मला इथून काहीही करता येत नव्हतं.