ताईंच्या नावाची मुलगी

"वळ गं, पाठ दे," असं म्हणून ताई माझ्या लेकीच्या पाठीला फ्रॉक लावून बघायच्या. सिंगापुरातल्या आमच्या यिशुनच्या मॉलमधल्या दुकानात त्यांचा मापाचा पुतळा तीच. "टू बिग ला, आजी," ती कुरकुरायची. ताईंचं उत्तर ठरलेलं. "वाढत्या अंगाचंच घ्यावं."

फ्रॉक असायचा आफ्रिकेत, मलावीतल्या एका खेड्यातल्या मुलीसाठी.

ताई आमच्याच ब्लॉकमध्ये, एक मजला खाली राहायच्या. लग्न केलं नव्हतं, बँकेत अकाउंट्स सांभाळण्यात जन्म गेला. रिटायर झालेली माणसं इथे काय काय करतात, तुम्हीही पाहिलं असेल. कुणी लायब्ररीत पेपर वाचत बसतं, कुणी कॉरिडॉरमधल्या कुंडीत कढीपत्ता वाढवतं. ताई स्वयंसेवकांच्या एका गटाबरोबर मलावीला गेल्या, तिथल्या बायांनी चालवलेल्या बालवाडीत लापशी शिजवायला. आम्हाला वाटलं, नव्याचे नऊ दिवस. पण त्या दरवर्षी जात राहिल्या. सिंह दिसला का, असं माझ्या नवऱ्याने विचारलं की म्हणायच्या, "चुलीच्या धुरात डोळे उघडतील तर दिसेल ना."

दुसऱ्याच खेपेला, त्यांच्याबरोबर चूल सांभाळणाऱ्या बाईला मुलगी झाली आणि तिने लेकीला ताईंचं नाव ठेवलं. तिथे ज्याचं नाव ठेवतात ते माणूस घरचंच होतं म्हणे. आपल्याला कुणी इतकं जवळचं मानावं, याची ताईंना सवय नव्हती. मला सांगताना चक्क लाजल्या होत्या.

मुलगी शाळेत जायला लागली आणि एका पावसाळ्यात तापाने गेली. फोन आला तेव्हा ताईंची बॅग भरलेली होती. आता नका जाऊ, मी म्हटलं. त्या गेल्या, आईचं सांत्वन करायला म्हणून. तर तिथल्या बायांनी त्यांनाच आईशेजारी चटईवर बसवलं आणि दोघींभोवती दिवसभर बसून राहिल्या.

"माझंही कुणी गेलंय, हे त्यांना सांगावं लागलं नाही गं," परत आल्यावर ताई म्हणाल्या आणि रडल्या.

चूक झाली ती निघताना. दुःखाच्या घरातून उठताना आपण 'येते' म्हणत नाही. पुन्हा अशा कारणाने यायला नको, म्हणून मुकाट्याने बाहेर पडतो. ताई तशाच उठल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. त्या गावात मात्र निरोप न घेता जाणं म्हणजे नातं तोडणं. काही महिन्यांनी गटातली एक मुलगी तिकडे जाऊन आली, तिच्याकडून कळलं. ती आई येईल त्याला एकच विचारत होती, मी लेकीला जपू शकले नाही, म्हणून ताई माझ्यावर रागावून गेल्या का?

ताईंना अन्न गोड लागेना. निदान फोन तरी करा, मी किती वेळा म्हटलं. "हे फोनवर नाही सांगायचं. तिच्यासमोर बसून सांगायचं," एवढंच त्यांचं म्हणणं. तेवढ्यात हृदयाचं दुखणं निघालं आणि विमानप्रवास बंद झाला. तपासणीला मी बरोबर जायची. आता जाऊ का, असं त्या दर वेळी विचारायच्या आणि डॉक्टर मान हलवायचे. परवानगी काही मिळाली नाही. मंडाईच्या स्मशानात आम्ही शेजारी आणि त्यांच्या बँकेतली दोन-तीन माणसं, एवढेच होतो.

मग मलावीला मी गेले. तिथल्या शाळेतले एक शिक्षक मध्ये बसून माझं बोलणं त्या आईला सांगत होते. आमच्याकडची रीत काय, ती का पाळतात, सगळं सांगितलं. ताई रागावल्या नव्हत्या, हे तर मी पुन्हा पुन्हा सांगितलं.

"मग आता ती का नाही आली?" तिने विचारलं.

"ताई गेल्या," मी म्हटलं. शिक्षकांनी सांगायच्या आधीच तिला कळलं. तिने चटई अंथरली, मला हात धरून बसवलं आणि शेजारणींना बोलवायला गेली. बाया येत गेल्या, बसत गेल्या. ताई गेल्यावर मी धड रडलेही नव्हते, ते तिथे रडले.

निघायची वेळ झाली. घर दुःखाचं होतं, आणि आता दुहेरी दुःखाचं. तरी मी तिचे हात हातात घेतले आणि मोठ्याने म्हटलं, "येते हं."

शिक्षकांनी तिला त्याचा अर्थ सांगितला. तिने माझे हात सोडले नाहीत.

"कधी?" तिने विचारलं.