निळ्यावरचे पांढरे आकडे

पंचेचाळिशीत डॉक्टरेट करायला बसलेल्या माणसाने निदान रंगाच्या भानगडीत पडू नये. मी पडलो. जर्मनीत डार्मश्टाटच्या विद्यापीठात माझं पोस्टर लागणार होतं आणि ते पाहून प्रोफेसर माझा करार दोन वर्षं वाढवायचा की नाही ते ठरवणार होते. नाही वाढला, तर काम अर्धवट टाकून पुण्याच्या जुन्या नोकरीत परत, तोंड लपवत.

आठवडा चौदा एप्रिलच्या जयंतीचा. म्हणून आलेखांची पार्श्वभूमी निळी, हे मी कुणालाही न विचारता ठरवलं. प्लॉटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीत रंगाचं नाव लिहिलं की झालं. गडद निळ्यावर काळी अक्षरं दिसेनात, म्हणून आकडे, नावं, रेषा, सगळं पांढरं केलं. स्क्रीनवर इतकं देखणं दिसलं की घरच्यांना बोलावून दाखवलं. मुलगी जर्मनमध्ये "शोन", म्हणजे छान, म्हणाली आणि निघून गेली. बायकोने वाकून पाहिलं आणि हे कशाबद्दल आहे असं विचारलं. मी तिला निळ्याच्या छटा समजावत राहिलो.

मग सहाही आलेख सेव्ह केले आणि उघडून न बघताच पोस्टर छापणाऱ्या बाईंना पाठवले. स्क्रीनवर दिसतं तेच फाइलमध्ये जाणार, त्यात बघायचं काय? शेवटी आपण इंजिनिअर.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन. आल्झो, म्हणजे तर, छपाई बाराला बंद होते, पण आधी एक विचारायचंय. मग अगदी अदबीने त्यांनी विचारलं, "तुमचे आकडे गोपनीय आहेत का?"

मी फाइल उघडली. मधली चौकट निळी, बाहेरचं सगळं पांढरंशुभ्र, आणि त्या पांढऱ्यावर माझे पांढरे आकडे. सेव्ह करताना सॉफ्टवेअर कडेच्या भागाला स्वतःचा पांढरा रंग देतं. निळा हवा असेल तर सेव्हच्या ओळीतही पुन्हा सांगावं लागतं. मदतीच्या पानावर तसं लिहिलेलं होतं. ते पान मी रंगांच्या यादीपुरतंच वाचलं होतं.

तसं सांगितलं, फाइली पुन्हा पाठवल्या. परत फोन. आता निळं आलंय, पण पीएनजी फाइल फार लहान आहे, पोस्टरएवढी ताणली की अक्षरं कुरतडल्यासारखी दिसतात. पीडीएफ द्या, ती कितीही मोठी केली तरी रेखीव राहते. आणि एवढी गडद शाई वाळायला दोन तास लागतात. माझ्याकडे चाळीस मिनिटं होती.

मी बायकोला फोन लावला. ती निळ्याची बाजू घेईल, अशी आशा होती.

"अहो, आपल्याला शिका असं सांगितलंय," ती म्हणाली, "रंगवा असं नाही."

पार्श्वभूमी पांढरी झाली, अक्षरं काळी. रेषा तेवढी निळी ठेवली. तेवढा हट्ट माझाही. बाराला दहा कमी असताना पीडीएफ गेली.

दुपारी प्रोफेसर पोस्टरसमोर उभे राहिले. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी चौथ्या आलेखावर बोट ठेवलं, जिथे रेषा अचानक खाली येते. हे असं का, म्हणाले. मी पाव तास बोललो आणि त्यात रंगाचा शब्दही आला नाही. कारण मात्र अर्धंच सांगता आलं, तेही कबूल केलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. "उरलेल्या अर्ध्याला दोन वर्षं लागतील. सोमवारी या, कराराचे कागद करून टाकू."