ओतून दिलेला समुद्र

सोलापुरात माणसांना प्यायला पाणी नाही आणि ही बाई घरात समुद्र पाळते. हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता समोरच्यानं ‘सोलापुरात’ म्हटलं की पुढचं मीच म्हणून दाखवते. सासरकडच्यांना तर ते तोंडपाठ आहे.

पाळते. काय म्हणणं आहे? सहा फुटी काचेची टाकी, खारं पाणी, जिवंत प्रवाळ आणि मधल्या खडकाला धरून बसलेलं एक समुद्रफूल. नाव फूल असलं तरी तो प्राणी आहे. मऊ बोटांसारखी त्याची केसरं पाण्यात सतत हलत असतात. इतर माशांना ते डंख मारतं, पण नारिंगी माशांची एक जोडी त्याच्या केसरांत राहते, झोपते, भांडते. आणलं तेव्हा ते बशीएवढं होतं. माझ्या हाताखाली परातीएवढं झालं. बँकेतून दमून आले की मी चहा घेऊन त्याच्यासमोर बसायची आणि तेवढा वेळ मला कोणी हाक मारलेली खपायची नाही.

सात रस्ता चौकामागच्या भाड्याच्या फ्लॅटमधून शहराबाहेरच्या स्वतःच्या घरात जायचं ठरलं, तेव्हा मला काळजी एकच होती. कपाटाचा आरसा फुटला तरी चालेल, पण फूल आणि ती जोडी जिवंत पोचली पाहिजे. मी सगळं नीट ठरवलं. टाकीतलं पाणी निळ्या ड्रममध्ये भरायचं. पहिल्या खेपेला रिकामी टाकी आणि ड्रम जातील. दुसऱ्या खेपेला मी मासे, प्रवाळ आणि फूल थर्माकोलच्या खोक्यांत घेऊन जाईन. खोक्यात थोडंच पाणी मावतं, त्यामुळे तिथं पोचल्या पोचल्या ड्रममधलं त्यांचंच पाणी टाकीत ओतायचं. पहिल्या खेपेबरोबर नवरा गेला. त्याला मी सांगितलं, “या ड्रमना कोणीही हात लावता कामा नये. तिथून हलू नका.”

“हो गं,” तो म्हणाला. कोथिंबीर आणायला सांगितली की ज्या आवाजात म्हणतो, त्याच आवाजात.

दुसऱ्या दिवशी वास्तुशांत होती. सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, स्वयंपाकासाठी मंगळवेढ्याकडच्या गावाहून आपल्या जावा-नणंदा घेऊन आधीच नव्या घरी येऊन बसल्या होत्या.

मी खोकी मांडीवर धरून टेंपोतून उतरले. अंगणातली माती काळीभोर ओली झालेली. ड्रम ओळीनं उभे, काठोकाठ भरलेले. मी तर काठ मोकळा ठेवूनच भरले होते. बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी गोडं होतं.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. कधी चार दिवसांनी येतं, कधी पाच. त्यामुळे नळ घुरघुरला की बायका हातातलं लाटणं टाकून उठतात. घरातलं शिळं पाणी ओतायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं. यात विचार करायचा नसतो, हात आपोआप चालतात. त्यात वास्तुशांतीचा स्वयंपाक, म्हणजे शिळ्या पाण्याचा थेंब घरात नको. नेमकं त्याच सकाळी पाणी आलं होतं.

“आगं, लई वास मारत हुतं त्ये पानी,” आत्या पदरानं हात पुसत आल्या. चेहरा आनंदानं फुललेला. “सगळं वतून दिलं. चोथ्यानं ड्रम घासलं. साबन न्हाय लावला, देवाच्या कामाचं पानी की! तू येस्तवर समदं भरून ठिवलं बग.”

बाकीच्या बायका कौतुकानं मान हलवत होत्या. या वयात किती उरक आहे म्हणून.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो आंब्याचे डहाळे आणायला गेला होता आणि आत्ताच आला होता. हातात डहाळे होतेच. “आईला माहीत नव्हतं गं,” तो म्हणाला. आणि मी काही बोलायच्या आत, “मासेच आहेत ना? दुसरे आणू.”

डोक्यात तिडीक गेली. आत्यांना बोलता येईना, कारण घर पाहुण्यांनी भरलेलं आणि त्या तर माझ्यासाठीच राबलेल्या. नवऱ्याला बोलले. जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. डहाळे मात्र अंगणभर झाले.

मग माझ्या सामानातून समुद्री मिठाची पोती ओढत आणली. क्लोरीन मारायचं औषध ड्रममध्ये घातलं आणि पोतं फोडलं.

“आगं ए, काय करतीस?” आत्या किंचाळल्या. “पाव्हण्यांचं प्यायचं पानी हाय त्ये!”

“माझे ड्रम आहेत,” मी म्हणाले, आणि मीठ ओतलं. एका ड्रममध्ये, मग दुसऱ्यात, मग सगळ्यांत. कोणी पुढे आलं नाही. आत्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. लहानपणी कोसभरावरून डोक्यावर घागरी आणलेली बाई ती. तिच्या डोळ्यांदेखत मी भरल्या ड्रमांत मीठ कालवत होते. त्यांचं तोंड पाहून मला कळलं की थोड्या वेळापूर्वी माझं तोंड कसं झालं असेल. पण वाईट वाटलं नाही. बरं वाटलं. स्वयंपाकाला टँकर मागवावा लागला, तेव्हाही बरंच वाटलं.

घाईत कालवलेलं पाणी मुरलेल्या पाण्यासारखं नसतं. संध्याकाळी सगळे जीव टाकीत सोडले. मासे तगले, प्रवाळातलं निम्मं तगलं. फूल खडक धरेना. दुसऱ्या दिवशी पूजेला बसले तेव्हा समोरच्या टाकीत ते आक्रसून, तोंड वासून पडलेलं दिसत होतं. भटजी म्हणाले, यजमानांच्या हाताला हात लावा. लावला. एक बोट. आरतीला सगळे उभे राहिले तोवर फुलाचा शेंबडासारखा लगदा झाला होता. तो तसाच ठेवला तर पाणी नासून मासेही गेले असते. प्रसाद वाटणाऱ्या बायकांमधून वाट काढत गेले आणि परातीएवढं माझं फूल चहाच्या गाळणीनं काढलं. कोणीतरी म्हणालं, आजच्या दिवशी घरात रडू नये.

पाहुणे गेले. आत्या राहिल्या. माझं त्यांच्याशी बोलणं जेवायला वाढलंय इतपतच. जोडी अजून त्या मोकळ्या खडकापाशी असते. जिथं केसरं होती तिथं अंग घासायला जातात आणि दगडाला घासून परत येतात.

पुढच्या पाण्याच्या दिवशी नळ घुरघुरला. आत्या सवयीनं उठल्या, बादली घेतली आणि मोरीतल्या ड्रमापाशी गेल्या. मी आतून पाहत होते. त्यांनी झाकण काढलं, वाकल्या, आणि तशाच थांबल्या.

“ह्ये वतायचं का ठिवायचं गं?” त्यांनी विचारलं.

धुण्याचं साधं पाणी होतं ते. “ओता,” मी म्हणाले. आणि मला त्या दिवसापेक्षाही जास्त राग आला, कारण विचारायला त्यांना एवढासाच वेळ लागला होता.