दुपटीच्या आतलं

गाब्रोवोच्या प्रयोगशाळेत मिनका सव्वीस वर्षं बशीतले ठिपके मोजत होती. नवा रंग, नवं औषध, काहीही आलं की ते बशीतल्या अधू जंतूंना पाजायचं. त्याने ज्यांच्या जनुकांतच फेरफार झाला ते जंतू पुन्हा वाढू लागत आणि त्यांचा ठिपका उठे. असा फेरफार घडवणारा पदार्थ माणसाला कॅन्सरही करू शकतो. काही ठिपके मात्र काही न पाजताही उठतात. म्हणून नियम असा की साध्या बशीच्या दुप्पट ठिपके झाले तरच पदार्थ दोषी.

त्या वसंतात कातडी कारखान्याचा तपकिरी रंग आला. मिनकाची लेक इस्क्रा तिथेच मास्क लावून रंगाच्या भुकटीची पोती फोडायची. साध्या बशीत सरासरी बावीस ठिपके. रंगाची मात्रा वाढवत नेली तसे चोवीस, एकोणतीस, तेहेतीस, अडतीस. मिनकाने चाचणी पुन्हा केली. पुन्हा तसंच चढत गेलं.

"दुप्पट झाले का?" प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर व्लाइकोव्हनी विचारलं.

"नाही. पण दर पायरीला वाढतायत, साहेब."

"माझं पोटही वाढतंय."

"दर मात्रेला तीनाऐवजी दहा दहा बशा लावू. मग खरं काय ते कळेल."

"बाई, घरातली ऊब वाया जाऊ नये, दार लवकर लागावं म्हणून मांजराचं शेपूट कापणारं कंजूष गाव आपलं. दहा बशा कोण देणार?"

"मग निदान एवढं लिहा, की दुपटीच्या आतलं आपल्याला धरता येत नाही."

"आणि गिऱ्हाईक विचारेल, मग चाचणी कशाला केलीत?"

"माझी पोर तिथे कामाला आहे हो!"

"मग पेढे वाट की! रंग निर्दोष निघाला."

अशा माणसापुढे डोकं फोडून काय होणार? निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मिनका घाबरली आणि 'दोष आढळला नाही' या ओळीखाली तिने मुकाट्याने सही केली. इस्क्राला तिने यातलं अवाक्षर सांगितलं नाही. सांगायचं तर स्वतःची लाजही सांगावी लागली असती.

ऑगस्टात इस्क्रा जेवायला आली. भरल्या मिरच्यांवर दही ओतत म्हणाली, "आई, सुटले बाई त्या मास्कमधून! उकाड्यात जीव जायचा."

"कुणी सांगितलं काढायला?"

"कुणी कशाला सांगायला हवं? तुमचा अहवाल दारावर लावलाय. बाकीच्या बायका आधी तयार नव्हत्या. मी म्हटलं, खाली माझ्या आईची सही आहे. मग सगळ्यांनी काढले."